वृद्धांच्या आहारात अंडे असावे काय ?

परसात आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या शेतकरी कुटुंबात एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. सकाळी खुराड्यातून अंडी काढली जातात. त्यांतील बरीचशी आठवड्याच्या बाजारासाठी टोपलीत जातात, एखाददुसरे शाळेत जाणाऱ्या मुलाच्या ताटात पडते. घरातील वृद्ध आजोबांच्या वाट्यास मात्र एकही येत नाही. त्यांचे वय पासष्टीच्या पुढे गेलेले असते. कधी तरी तालुक्याच्या गावी रक्ताची तपासणी करताना 'कोलेस्टेरॉल' हा शब्द त्यांच्या कानावर पडलेला असतो आणि तेव्हापासून अंडे त्यांना वर्ज्य ठरलेले असते. त्याच आजोबांच्या चहाच्या कपाबरोबर सकाळ-संध्याकाळ खारी व बिस्किटे असतात, दुपारी मूठभर फरसाण असते. त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. पुढे हळूहळू आजोबांचे दंड बारीक होतात, खाटेवरून उठताना दुसऱ्याच्या हाताचा आधार लागू लागतो, आणि "आता वयच झाले" असे म्हणून घरची मंडळी स्वस्थ बसतात.

अंड्याविषयीची ही भीती कोठून आली, तिच्यात तथ्य किती आणि आज शास्त्राचे मत काय आहे, हे कोंबडीपालन करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे. कारण जे अन्न आपल्याच अंगणात तयार होते, ते गैरसमजापोटी आपल्याच वडीलधाऱ्यांना नाकारणे हे हिताचे नाही. त्याचप्रमाणे, ज्यांनी खरोखरच जपून खावयास हवे त्यांनी बेफिकिरीने खाणेही हिताचे नाही.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय ?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ असून तो प्राणिमात्रांच्या शरीरातील प्रत्येक पेशीस आवश्यक असतो. पेशींची आवरणे, अनेक ग्रंथिरस, पचनास लागणारे पित्ताम्ल आणि उन्हामुळे त्वचेत तयार होणारे 'ड' जीवनसत्त्व या सर्वांची घडण त्याच्याशी निगडित आहे. वनस्पतिजन्य अन्नात ते नाममात्रच असते. शरीराला लागणारे बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच, मुख्यतः यकृतात, तयार करते. आहारातून मिळणारा वाटा त्या मानाने लहान असतो.

रक्तातून कोलेस्टेरॉलची ने-आण करणारे दोन मुख्य प्रकारचे वाहक कण आहेत. 'एलडीएल' या नावाचे कण ते यकृतापासून शरीरभर पोहोचवितात. त्यांचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास रोहिणींच्या आतील अस्तरात थर साचतात व हृदयविकार किंवा पक्षाघात यांचा धोका वाढतो. 'एचडीएल' हे कण जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणतात. याखेरीज 'ट्रायग्लिसराइड' नावाचा मेदही तपासणीत मोजला जातो. म्हणून "कोलेस्टेरॉल वाढले" एवढे ऐकून न थांबता त्यांतील कोणता आकडा वाढला आहे, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावयास हवे.

अंड्याची भीती कशी निर्माण झाली ?

इ. स. १९१३ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह या शास्त्रज्ञाने सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले असता त्यांच्या रोहिणींत थर साचलेले दिसून आले. हा प्रयोग फार महत्त्वाचा ठरला. रक्तातील कोलेस्टेरॉल आणि रोहिणींचा विकार यांचा संबंध त्याने दाखविला. परंतु ससा हा निव्वळ शाकाहारी प्राणी आहे. त्याच्या नैसर्गिक खाद्यात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच, त्यामुळे त्याच्या शरीराला ते आवरण्याची सवय नाही. माणसाचे तसे नाही.

पुढे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० व १९६० च्या दशकांत माणसांवर नियंत्रित आहाराचे प्रयोग केले. आहारातील संपृक्त मेद, म्हणजे लोणी, तूप, चरबी व खोबरेल यांत विपुल असलेला आणि गारठ्यात घट्ट होणारा स्निग्धांश, रक्तातील कोलेस्टेरॉल जितके वाढवितो, तितके अन्नातील कोलेस्टेरॉल वाढवीत नाही, असे त्यांत आढळले. तरीही सावधगिरी म्हणून 'अमेरिकन हार्ट असोसिएशन' या संस्थेने १९६८ मध्ये दिवसास ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कोलेस्टेरॉल खाऊ नये व आठवड्यास तीनपेक्षा अधिक पिवळे बलक घेऊ नयेत, असा सल्ला दिला. हाच सल्ला जगभर पसरला आणि अंडे हे हृदयाचे शत्रू ठरले.

मत का बदलले ?

पुढील काळात या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास झाला. निरोगी माणसाने अन्नातून अधिक कोलेस्टेरॉल घेतले, तर त्याचे आतडे त्यातील काही भागच शोषून घेते आणि यकृत आपले उत्पादन कमी करते, असे दिसून आले. याचे एक नवलाचे उदाहरण १९९१ मध्ये अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एक ८८ वर्षांचे गृहस्थ निदान पंधरा वर्षे दररोज वीस ते तीस मऊ उकडलेली अंडी खात होते. इतके असूनही त्यांच्या रक्तातील एकूण कोलेस्टेरॉल सामान्य मर्यादेत होते. तपासणीअंती असे आढळले की, खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपैकी केवळ १८ टक्केच त्यांच्या शरीरात शोषले जात होते, आणि जादा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लात रूपांतर होऊन ते बाहेर टाकले जात होते.

या उदाहरणावरून कोणी रोज दोन डझन अंडी खावीत, असा अर्थ मुळीच नव्हे. सर्वांची शरीरे सारखी नसतात. काही लोकांच्या रक्तात अंड्यांमुळे एलडीएल बऱ्यापैकी वाढते, हेही तितकेच खरे. बोध इतकाच की, ताटातील कोलेस्टेरॉल आणि रक्तातील कोलेस्टेरॉल या एकच गोष्टी नव्हेत.

या सर्व पुराव्याचा विचार करून अमेरिकेच्या शासकीय आहारमार्गदर्शनातून २०१५ च्या आवृत्तीत ३०० मिलिग्रॅमची ठरावीक मर्यादा काढून टाकण्यात आली. मात्र वाद पूर्णपणे मिटला असे नाही. सुमारे २९ हजार ६०० अमेरिकन प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अधिक अंडी खाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. तर हार्वर्ड येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात दिवसास एका अंड्यापर्यंत असा धोका दिसून आला नाही. म्हणून प्रमाण राखणे हेच शहाणपणाचे होय.

उतारवयात अंड्याची गरज

वय वाढते तसे स्नायू झिजत जातात. साठीनंतर ही झीज वेगाने होते आणि पुरेशी प्रथिने व हालचाल नसेल तर माणूस दुबळा होतो, तोल जाऊन पडतो, हाड मोडते व अंथरूण धरतो. पुष्कळ वृद्धांच्या बाबतीत परावलंबनाची सुरुवात अशीच होते. म्हणून निरोगी वृद्धाने आपल्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे दिवसास सुमारे एक ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे या विषयातील अनेक तज्ज्ञांचे मत आहे.

पंचावन्न किलो वजनाच्या वृद्धाचा हिशेब करून पाहू. त्यास दिवसाकाठी ५५ ग्रॅम प्रथिने हवीत. दोन्ही वेळच्या भाकरीस मिळून २०० ग्रॅम ज्वारीचे पीठ लागले, तर त्यातून सुमारे २० ग्रॅम, पातळ आमटीतील ३० ग्रॅम डाळीतून सुमारे ७ ग्रॅम, आणि चहातील दूध व भाजी मिळून फार तर ५-६ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज ३३ च्या आसपास भरते. म्हणजे वीस-बावीस ग्रॅमांची तूट रोजची ठरलेली. त्यातच दात पडलेल्या वृद्धास भाकरी कुस्करून खावी लागते, शेंगदाणे व हरभरे चावत नाहीत, आणि दोनाऐवजी एकाच भाकरीवर समाधान मानावे लागते. तूट आणखी वाढते.

कवच सोडून ५० ग्रॅम वजनाच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम स्निग्धांश आणि ७० उष्मांक असतात. ही प्रथिने उत्तम प्रतीची असतात. ज्वारी-गव्हात कमी पडणारा 'लायसिन' हा घटक त्यांत भरपूर असतो. पिवळ्या बलकात 'अ', 'ड' व 'ब-१२' ही जीवनसत्त्वे आणि दृष्टीस उपकारक असे पिवळे रंगद्रव्य असते. गावठी कोंबडीचे अंडे आकाराने लहान असल्याने त्यात हे सर्व थोडे कमी असते, एवढेच. कवच तांबूस असो वा पांढरे, पोषणात फरक नसतो. अंडे चावण्यास मऊ, पचण्यास सोपे व घटकाभरात शिजणारे असल्याने एकट्या राहणाऱ्या वृद्धांनाही ते सोयीचे आहे.

एक अंडे, वाटीभर घट्ट वरण किंवा मऊ शिजविलेली उसळ आणि पेलाभर दूध वा ताक एवढी जोड नेहमीच्या जेवणास दिली, तर वर दाखविलेली तूट बहुतांशी भरून निघते. ज्यांना अंडे वर्ज्य आहे, त्यांनी दूध, ताक व कडधान्ये यांचे प्रमाण वाढवावे.

कोणी किती खावे ?

अशा अंड्यात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते आणि ते सर्व पिवळ्या बलकात असते. पांढऱ्या भागात ते मुळीच नसते. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील प्रमाण समजणे सोपे जाईल.

रक्तातील कोलेस्टेरॉल सामान्य असलेल्या व अन्यथा निरोगी असलेल्या वृद्धाने दिवसास एक अंडे खाण्यास हरकत नाही. 'अमेरिकन हार्ट असोसिएशन'च्या तज्ज्ञांनी २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात तर, बाकीचा आहार हृदयास हितकारक असेल, तर अशा वृद्धांना दिवसास दोन अंड्यांपर्यंत मुभा दिली आहे. आपल्याकडील वृद्धाने एका अंड्यापासून सुरुवात करावी, हे उत्तम.

ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांना पूर्वी हृदयविकार होऊन गेला आहे, त्यांनी मात्र जपून खावे. त्यांनी पिवळा बलक किती घ्यावा हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. पांढरा भाग ते निर्धास्तपणे खाऊ शकतात. दोन अंड्यांचा पांढरा भाग घेतला तरी सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कोणतीही प्रथिने वाढविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास "अंडी बंद केली, आता गोळी नको" असे म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. अंडे सोडल्याने गोळीचे काम होत नाही.

खरा संयम कोठे हवा ?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत महाराष्ट्रासह तामिळनाडू, झारखंड व चंदीगड येथील लोकांच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. तीत शंभरांपैकी सुमारे ७२ जणांत संरक्षक एचडीएल कमी आढळले व सुमारे ३० जणांत ट्रायग्लिसराइड वाढलेले आढळले. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक मात्र सुमारे १४ होते. एचडीएल कमी असणे व ट्रायग्लिसराइड वाढणे या दोषांचा संबंध अंड्याशी कमी, आणि अति पिष्टमय व गोड आहार, पोटावरील चरबी व श्रमांचा अभाव यांच्याशी अधिक असतो. एकेकाळी नांगरामागे दिवसभर चालणारा शेतकरी वृद्धपणी ओट्यावर बसून राहतो, पण ताटातील भात व कपातील साखर तेवढीच राहते. दोष येथे आहे.

दुसरा विचार तळण्याचा व तुपाचा. एका अंड्यात संपृक्त मेद सुमारे दीड ग्रॅम असतो, तर एक मोठा चमचा तुपात आठ ते नऊ ग्रॅम. उकडलेले अंडे टाळून तुपाची धार धरणारा मनुष्य नुकसानीचाच व्यवहार करतो. वनस्पती तुपातील घातक 'ट्रान्स' मेदावर २०२२ पासून दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आली असली, तरी त्यातील संपृक्त मेद कायमच आहे. खारी, बिस्किटे व फरसाण यांतून तो नकळत पोटात जातो. स्वयंपाकास करडई, शेंगदाणा, सूर्यफूल यांसारखी तेले वापरावीत व तीही बेताने.

एलडीएल उतरविण्यास मदत करणारे पदार्थ शेतात व परसात भरपूर आहेत : कडधान्ये, गवार, मेथीदाणे, जवस, पेरू व पालेभाज्या. यांतील तंतुमय भाग आतड्यातील पित्ताम्लास बांधून बाहेर नेतो. अंड्यात तंतू मुळीच नसतात व 'क' जीवनसत्त्वही नसते. म्हणून अंड्याच्या जोडीला भाजी हवीच. बिडी, तंबाखू व मिश्री सोडणे, रक्तदाब ताब्यात ठेवणे आणि रोज अर्धा तास झेपेल तसे चालणे, यांवाचून केवळ अन्नातील फेरफाराने हृदयाचे रक्षण होणार नाही.

अंडे कसे शिजवावे व कसे ठेवावे

वृद्धांनी कच्चे किंवा अर्धवट शिजलेले अंडे खाऊ नये. अंड्यात कधी कधी रोगजंतू असतात आणि उतारवयात त्यांचा उपद्रव तीव्र होतो. शिवाय कच्च्या अंड्यातील प्रथिने शरीरास नीट लागतही नाहीत. अंडे दुधात फेटून पिण्याची जुनी पद्धत म्हणूनच सोडून द्यावी. उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटे ठेवल्यास बलक घट्ट होतो. दात नसलेल्यांना असे अंडे कुस्करून आमटी-भाकरीच्या काल्यात मिसळून द्यावे, किंवा उकळत्या आमटीत फोडून सोडावे व पूर्ण शिजू द्यावे. भुर्जी करावयाची तर चमचाभर तेलात कांदा, टोमॅटो व कोथिंबीर घालून करावी. हे अंडे जेवणात भर म्हणून नव्हे, तर खारी-फरसाणाच्या जागी यावे.

फुटलेली वा तडा गेलेली अंडी खाण्यास घेऊ नयेत. ताजे अंडे पाण्यात तळाशी आडवे बसते. तरंगणारे टाकून द्यावे. शीतपेटी नसल्यास ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, निमुळते टोक खाली करून अंडी ठेवावीत. कोंबड्यांना हिरवा चारा व पिवळा मका मिळाल्यास बलकाचा रंग गडद होतो, जवस दिल्यास त्यातील मेदाचा प्रकार सुधारतो. परंतु कोलेस्टेरॉल मात्र फारसे घटत नाही. ज्या अंड्यातून पिलू घडावयाचे, त्यात ते असणारच.

घरचा हिशेब व कार्यकर्त्यांचे काम

परसातील गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारणतः ६० ते ८० अंडी देते. वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या शंभराहून अधिक देतात. दहा गावठी कोंबड्या असल्यास सरासरीने आठवड्यास अकरा ते पंधरा अंडी मिळतात. घरातील दोन वृद्धांस एक दिवसाआड एक याप्रमाणे आठवड्यास सात अंडी बाजूस ठेवली, तरी उबवणीस व बाजारास काही उरतात. बाजारात गावठी अंड्यास चांगला भाव मिळतो हे खरे. पण दुबळेपणामुळे पडून मोडलेल्या हाडाचा खर्च कित्येक टोपल्या अंड्यांच्या किमतीहून अधिक असतो, हेही विसरू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोंबडीपालनाचा सल्ला देताना केवळ विक्रीचा हिशेब न सांगता घरातील वृद्धांच्या ताटाचीही चौकशी करावी. उठता-बसता त्रास होणारे, वजन घटत चाललेले वृद्ध आढळल्यास त्यांना जवळच्या आरोग्य केंद्राची वाट दाखवावी व रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी करून घेण्यास सांगावे. अहवाल पाहून प्रमाण ठरविण्याचे काम डॉक्टरांचे आहे. मनातील अकारण भीती दूर करण्याचे व ज्यांनी खरोखर जपावयास हवे त्यांना वेळीच सावध करण्याचे काम कार्यकर्त्याचे आहे.

१९५०-५१ साली आपल्या देशात दर माणशी वर्षाला अवघी पाचच्या आसपास अंडी उपलब्ध होती. २०२३-२४ मध्ये ही संख्या १०३ वर गेली. ही वाढ शेतकऱ्यांच्या व कोंबडीपालकांच्या कष्टांतून झाली आहे. ज्यांनी आयुष्यभर या कष्टांत आपला वाटा उचलला, त्या वडीलधाऱ्यांच्या ताटात त्यांच्या प्रकृतीस मानवेल इतके अंडे पडावे, एवढी काळजी प्रत्येक घराने घेतली पाहिजे.